ऊर्जेची पैमाईश

जमीन मोजावी, तिचा कस ठरवावा आणि त्या कसावर धारा बसवावा, ही विद्या मराठवाड्याला नवी नाही. निजामाच्या अमदानीत मोजणीदारांनी जी शेते मापली, त्यांचे बांध, त्यांचे नंबर आणि त्यांची प्रतवारी १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली तरी दफ्तरातून गेली नाहीत. आणि दर वर्षी पिकांची आणेवारी, जिला आता पैसेवारी म्हणतात, काढण्याचा शिरस्ताही तसाच चालू राहिला. गेल्या काही वर्षांत मात्र याच शेतांवर, माळांवर आणि गायरानांवर एक निराळी मोजणी सुरू झाली आहे. जमिनीवर पडणारे ऊन, तिच्यावरून वाहणारा वारा, धान्य काढून घेतल्यावर तिच्यात उरणारा काडीकचरा आणि तिच्यावर चरणाऱ्या जनावरांचे शेण यांतून किती वीज व किती इंधन निघेल, हा या मोजणीचा विषय. नांदेड आणि लातूर या दोन शेजारी जिल्ह्यांत ती कशी करावी लागते आणि तिच्या आकड्यांवर कितपत विसंबावे, हे सामान्य वाचकाने समजून घेण्याची वेळ आली आहे. कारण या आकड्यांच्या आधारे त्याच्या गावची जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने जाऊ लागली आहे.

हे दोन जिल्हे शेजारी असले तरी एका प्रकृतीचे नव्हेत. १९८२ साली उस्मानाबादेपासून वेगळा झालेला लातूर जिल्हा बालाघाटच्या पठारावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पसरलेला आहे. मांजरा आणि तेरणा या त्याच्या नद्या, परंतु त्यांच्यावर भरवसा किती ठेवावा याची साक्ष एप्रिल २०१६ ने दिली, जेव्हा मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली. नांदेडला गोदावरीचा काठ लाभला आहे, आणि लोहा, कंधार, मुखेडकडची माळराने लातूरच्याच जातीची असली तरी उत्तरेस किनवट-माहूरकडे सागवानाचे जंगल आहे, पाऊसही अधिक आहे. नांदेडचे १६ आणि लातूरचे १० असे हे २६ तालुके. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे दोन्ही जिल्ह्यांची मिळून वस्ती सुमारे ५८ लाख. एवढ्या मुलखाला एकच सरासरी लावणारा अहवाल हाती आला, तर तो तालुकावार फोड दिल्याखेरीज वाचू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम सूर्याकडे पाहू, कारण या भागात श्रीमंती आहे ती त्याचीच. दख्खनच्या या पठारावर एक चौरस मीटर सपाट जागेवर वर्षाच्या सरासरीने दिवसाकाठी पाच ते साडेपाच युनिट इतकी सौरशक्ती पडते. लातूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,१५७ चौरस किलोमीटर; गुणाकार करून पाहिला, तर या एकट्या जिल्ह्यावर वर्षभरात पडणारे ऊन सबंध भारतात वर्षाला निर्माण होणाऱ्या विजेच्या सात-आठ पट भरते. हा आकडा खरा आहे आणि सर्वस्वी निरुपयोगी आहे. पिकांनाही ऊन लागते, घरे आणि रस्ते फलकांखाली झाकता येत नाहीत, आणि फलकावर पडलेल्या उन्हाचाही जेमतेम पाचवा हिस्सा विजेत उतरतो. ऊर्जेचे मूल्यमापन ही खरे पाहता वजावाटीची कला आहे. जमेची बाजू कोणीही लिहील, कसोटी लागते ती खर्चाच्या बाजूला.

ही जमेची बाजू तरी नेटकी लिहिली गेली, याचे श्रेय पुष्कळ अंशी पुण्याच्या वेधशाळेतील ॲना मणी या विदुषीला आहे. १९४८ साली त्या हवामान खात्यात रुजू झाल्या, १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशात सौरप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले, आणि निवृत्तीनंतर, ज्या वयात माणसे पुराणश्रवणाकडे वळतात त्या वयात, १९८० साली भारतातील सौरप्रारणाचा आणि १९८३ साली वाऱ्याच्या ऊर्जेचा आकडेवार ग्रंथ सिद्ध केला. या कामाचे मुख्य उपकरण म्हणजे पायरॅनोमीटर. काचेच्या दुहेरी घुमटाखाली एक काळी चकती असते, ऊन पडले की ती तापते, तिच्या आणि बाहेरील कड्याच्या तपमानातील फरकाने काही मिलिव्होल्टचा विद्युद्दाब उत्पन्न होतो आणि त्यावरून उन्हाची मात्रा कळते. उपकरण साधे, परंतु त्याचा घुमट नियमाने पुसावा लागतो. चार दिवस कोणी फडके फिरवले नाही, तर धुळीच्या थराएवढे ऊन दफ्तरात कमी लागते. आता उपग्रहांच्या छायाचित्रांवरून कोणत्याही गावाचे ऊन घरबसल्या काढता येते. तथापि मार्च-एप्रिलमध्ये नांगरट झालेल्या रानांवरून उठणारी धूळ उपग्रहाला जितकी कळावी तितकी कळत नाही, आणि ती धूळ फलकांवर बसल्यावर काय होते हे तर त्याच्या कक्षेबाहेरचेच.

इथे पहिली वजावाट सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत ऊन दिवसाला सहा युनिटांच्या वर जाते, म्हणून वीजही तेव्हा सर्वांत अधिक निघेल अशी भाबडी समजूत होते. परंतु सिलिकॉनचा फलक उष्णतेला भितो. तपमान २५ अंशांच्या वर एकेक अंशाने चढू लागले की त्याचे उत्पादन अंशामागे सुमारे ०.४ टक्क्याने घटते, आणि बाहेर ४२ अंश असताना फलकाची पाठ साठीच्या पलीकडे गेलेली असते. म्हणजे ऐन भरात शेकडा चौदा-पंधराचा फटका. धूळ धुवायला पाणी हवे, आणि ते हवे अशा महिन्यांत की ज्या महिन्यांत गावात टँकर चालू असतो. तरीही हे सगळे वजा जाता एक मेगावॉटचा प्रकल्प, जो चार-पाच एकरांत मावतो, वर्षाला साधारण १५ ते १६ लाख युनिट वीज देतो. हा आकडा अनुभवाला उतरलेला आहे, आणि पुढील सगळा हिशेब त्याच्यावरच करावा.

दुसरी वजावाट जमिनीची, आणि तीच अधिक अवघड. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने महाराष्ट्राची सौरक्षमता सुमारे ६४ गिगावॉट ठरवली आहे. ती ठरवताना पडीक जमिनीचा तीन टक्के हिस्सा फलकांना मिळेल असे धरले आहे. आता पडीक म्हणजे काय, हे उपग्रहाला विचारले तर तो सांगेल, जिथे पीक नाही आणि झाड नाही ती जमीन. गावाला विचारले तर उत्तर निराळे येते. त्याच माळावर धनगरांची मेंढरे बसतात, त्याच गायरानात भूमिहीनांची जनावरे चरतात, आणि त्याच गायरानाचे तुकडे कसून मराठवाड्यातील कित्येक दलित कुटुंबांनी दोन पिढ्या पोटे भरली आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह, पुढे एकनाथ आव्हाडांनी बीडकडे उभे केलेले गायरान हक्काचे आंदोलन, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासननिर्णय, हा सगळा इतिहास ज्या जमिनीच्या पोटात आहे, ती जमीन नकाशात एका रंगाचा ठिपका होऊन येते. ठिपक्याची क्षमता मेगावॉटमध्ये निघते; सातबाऱ्यावर नाव नसलेल्या वहिवाटदाराचा तिच्यात हिशेब नाही.

वाऱ्याची कथा थोडी विनोदी आहे. वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला पाच मीटर वाहणारा वारा सहा मीटरने वाहू लागला, तर वेग एक पंचमांश वाढला, शक्ती मात्र सुमारे पाऊणपट वाढली. म्हणून वेगाच्या मोजणीतील लहानशी चूकही हिशेबात मोठी होऊन बसते. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने महाराष्ट्राची पवनक्षमता १०० मीटर उंचीवर सुमारे ४५ गिगावॉट, १२० मीटरवर सुमारे ९८ आणि १५० मीटरवर सुमारे १७४ गिगावॉट अशी काढली आहे. मुलूख तोच, पावसाळाही तोच. मनोरा पन्नास मीटर वर नेला आणि संपत्ती जवळजवळ चौपट झाली. यात लबाडी काही नाही, कारण उंचावरचा वारा खरोखरच जोरकस असतो. परंतु 'आपल्या जिल्ह्यात वारा किती' या प्रश्नाला उंची सांगितल्यावाचून उत्तर नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे. औसा, अहमदपूर, उदगीरकडे बालाघाटच्या ज्या उंच धारा आहेत, तिथे वारा पाहण्याजोगा आहे. नांदेडच्या गोदाकाठच्या सखल भागात तो तितका नाही. धारेवर मनोरा उभारून निदान एक पूर्ण वर्ष, सगळ्या ऋतूंतून, वेग आणि दिशा टिपल्याखेरीज शहाणा माणूस तिथे पैसा घालणार नाही.

तथापि वाऱ्याचा एक गुण असा, की तो सूर्याची उणीव भरून काढतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत, जून ते ऑगस्ट, ढगांमुळे ऊन चार युनिटांच्या आसपास उतरते, आणि नेमका त्याच वेळी वारा भरात असतो.

आता काडीकचरा, आणि इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण अहवालांत सर्वांत उतावीळपणे लिहिलेले प्रकरण हेच. रीत अशी : पिकाचे उत्पन्न घ्यावे, त्याला ठरावीक गुणकाने गुणावे आणि अवशेष काढावा. तुरीच्या एका क्विंटल दाण्यामागे सुमारे अडीच क्विंटल तुराट्या धरतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांचे प्रमाण याहूनही जास्त. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने देशाचा जो जैवभार नकाशा केला, तो याच पायावर. पण निलंग्याकडच्या किंवा मुखेडकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या दारात फेब्रुवारीत रचलेली तुराट्यांची गंज पाहावी. तिच्यातून वर्षभर चुलीचे सरपण निघते. जाड निवडून काढलेल्या तुराट्यांचे कूड गोठ्याला लागतात. बारीक फांद्यांचे खराटे होतात. ज्या मजूरबाईने तूर कापली, ती एखादा भारा मजुरीवर घरी नेते. आणि उरलासुरला पाला जनावरांपुढे जातो. कागदावर जी अडीच क्विंटल 'उपलब्ध', ती प्रत्यक्षात आधीच वाटून झालेली असते. सोयाबीनचे तसे नाही. त्याची गुळी जनावरे नाखुशीने खातात, पुष्कळशी मळणीयंत्राच्या जागीच पेटवून देतात. तिथे खरी शिल्लक आहे. पऱ्हाट्यांचेही बहुतांशी तसेच : रब्बीसाठी रान मोकळे करण्याच्या घाईत त्या उपटून बांधावर जाळल्या जातात, आणि त्यांच्या कांड्या करून कारखान्यांच्या बॉयलरला विकण्याचा धंदा काही ठिकाणी चालूही झाला आहे. ज्वारीचा पेरा घटून सोयाबीनचा वाढला, तसा कडबा आटला आणि गुळी वाढली. म्हणजे अवशेषांची मोजणी वीस वर्षांपूर्वीच्या पीकनोंदीवर करणे हे जुन्या पंचांगावरून लग्नाचा मुहूर्त काढण्यासारखे आहे.

या विषयात महाराष्ट्रातील मार्गदर्शक काम झाले ते फलटणला, जो तालुका मराठवाड्यासारखाच पर्जन्यछायेतला. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी तालुका हेच परिमाण धरून ऊर्जेचा हिशेब मांडला आणि १९९५ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की तालुक्यातील शेतीच्या अवशेषांवर तालुका विजेच्या बाबतीत स्वयंपूर्ण होऊ शकेल. देशाचे किंवा राज्याचे घाऊक आकडे सोडून, कोणते पीक कुठे होते आणि कोणता अवशेष किती कोसांवरून वाहून आणणे परवडते एवढे ज्या टापूत माणसाच्या नजरेत मावते, तो टापू त्यांनी निवडला, हे मला त्या कामाचे मर्म वाटते. काडीकचरा हलका आणि फुगीर. तो पंचवीस-तीस किलोमीटरच्या पलीकडून आणला, तर वाहतुकीतच त्याची किंमत संपते. नांदेड-लातूरच्या बाबतीतही तालुका हाच योग्य घास आहे.

उसाचे चिपाड हा या दोन जिल्ह्यांतला सर्वांत संघटित जैवभार. लातूरकडे मांजरा काठचे, नांदेडकडे भाऊराव चव्हाण यांच्या नावाने ओळखले जाणारे असे सहकारी साखर कारखाने आहेत. एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो बगॅस निघतो आणि नव्या, उच्च दाबाच्या बॉयलरवर त्यातून कारखान्याची गरज भागून बाहेर विकण्याइतकी वीज उरते. हंगाम थंडीचा, म्हणजे रब्बीच्या सिंचनाचा, वेळही सोयीची. मग आक्षेप कसला? आक्षेप पाण्याचा. हेक्टरी ८० टन ऊस आणि त्याला पाट-पाण्याने सुमारे दोन कोटी लिटर पाणी धरले, तर एका टनामागे अडीच लाख लिटर पडतात. हे पाणी साखरेसाठीही खर्ची पडले आहे, सगळे विजेच्या नावे टाकणे अन्यायाचे, आणि ठिबकवर ते बरेच कमी होते, हे मान्य. तरीसुद्धा माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ साली १,००० मिलिमीटरहून कमी पावसाच्या भागात उसाला आवर घालण्याचे जे सांगितले, ते लातूरच्या ऊर्जेच्या अहवालात निदान तळटीपेत तरी यावे. ज्या वर्षी मांजरा धरण कोरडे पडते, त्याच्या पुढल्या वर्षी बगॅसचा आकडा आपोआप कोसळतो. नवीकरणीय म्हणवणारा हा स्रोत पावसाएवढाच नवीकरणीय आहे.

शेणाचा हिशेबही पाण्याशीच येऊन थांबतो. या मुलखाने दोन नामांकित गोवंश दिले : नांदेडचा लाल कंधारी आणि लातूरचा देवणी. मोठे जनावर दिवसाला सुमारे दहा किलो शेण देते. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज पन्नास किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत आणि विहिरीत उन्हाळाभर पाणी हवे. ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या घटल्या, हे एक. दुसरे असे, की दुष्काळात जनावरे घरी राहतच नाहीत; २०१५-१६ मध्ये लातूर, बीड, उस्मानाबादेत चारा छावण्या उघडल्या, तेव्हा घरोघरचे शेण दावणीसह छावणीत गेले आणि अंगणातले घुमट रिकामे राहिले. पशुगणनेत जनावरे मोजली जातात. ती वर्षाचे किती महिने घरच्या दावणीला असतात, याचा रकाना तिच्यात नाही.

जलविद्युतीबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. पूर्णा नदीवरचे येलदरीचे २२.५ मेगावॉटचे केंद्र शेजारच्या परभणी जिल्ह्यात. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात गर्जतो आणि उन्हाळ्यात मौन धरतो. नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पात तर उलट गोदावरीचे पाणी वर उचलायलाच वीज खर्ची पडते.

मागणीची बाजू न पाहता केलेली मोजणी अर्धीच असते. समजा, एका गावात पाच अश्वशक्तीचे ३०० पंप आहेत. वर्षातून दोनशे दिवस, आठ तास ते चालले, तर सुमारे १८ लाख युनिट लागतील. म्हणजे एक मेगावॉटहून थोडा मोठा प्रकल्प, पाच-सहा एकर जागा. गणित इतके सोपे आहे की मोह पडावा. शिवाय शेतकऱ्याला लाईट दिवसा मिळेल आणि रात्री-बेरात्री विंचू-काट्यातून मोटार चालू करायला जाणे चुकेल, हा लाभ कोणत्याही युनिटांत मोजता येणार नाही इतका मोठा आहे. परंतु लातूरच्या काळ्या पाषाणात भूजल मुळात थोडे. बोअर सातशे-आठशे फुटांपर्यंत गेलेले. उन्हावर चालणाऱ्या पंपाला बिल येत नाही, म्हणून तो थांबवण्याचे कारणही उरत नाही. विजेचा प्रश्न सुटून पाण्याचा बिकट व्हावा, ही शक्यता जिल्ह्याच्या ऊर्जा-आराखड्यात पहिल्या पानावर यावी असे मला वाटते. विहिरी मार्चमध्ये आटल्यावर त्या प्रकल्पाची वीज कुठे जाईल, ती वाहून नेण्याइतके गावचे उपकेंद्र सशक्त आहे काय, हेही तिथेच लिहावे.

हे सगळे आज कागदावरचे राहिलेले नाही. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे दुसरे पर्व २०२३ पासून चालू आहे. उपकेंद्राच्या आसपासची खासगी जमीन देणाऱ्या शेतकऱ्यास हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे आणि त्यात दर वर्षी तीन टक्के वाढ मिळते. गायरान मात्र नाममात्र भाड्याने दिले जाते आणि ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षे अनुदान मिळते. कोरडवाहू जमिनीच्या धन्याला पहिला सौदा सहसा फायद्याचाच आहे. दुसऱ्याचा विचार गावाने सावकाश करावा. ज्यांच्या गावात अशी दरखास्त आली असेल, त्यांनी ग्रामसभेत बसून त्या गटात उन्हाळ्यात कोणाची जनावरे चरतात, तिथे कोण किती वर्षांपासून कसत आहे आणि फलक धुण्याचे पाणी कोणत्या विहिरीतून येणार, हे नावानिशी लिहून काढावे, ते ठरावात घालावे, आणि ठरावाची नक्कल तहसील कचेरीत देऊन तिची पोच घ्यावी.